अंगठी टांगली तो रविवार

सकाळपासून आत्यांनी उजवा हात शालीच्या आत ठेवला होता. कुणी विचारलंच तर थंडी वाजते म्हणून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण कुणी विचारलं नाही. हाताला कंप सुटून चार महिने झाले होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला की तो लपत असे. अंगठी मात्र दोन हातांनी धरता येत नाही.

घरात कुणाला दिवस गेले की सहाव्या महिन्यातल्या एका रविवारी आत्यांनी अंगठी धरायची, हे चाळीस वर्षं चालत आलं होतं. त्यांच्या आईची अंगठी, पांढरा दोरा, पोटापासून चार बोटं उंच. अंगठी रेषेत मागेपुढे गेली तर मुलगा, गोल फिरली तर मुलगी. आत्या कधी चुकल्या नाहीत असं घरातले सगळे म्हणत. आत्या स्वतःही म्हणत, अलीकडे जरा हळू आवाजात.

यावेळी मात्र अंगठीवर नुसतं बाळ नव्हतं, परवानाही होता. आत्यांचे धाकटे भाऊ अण्णा एक्कावन्न वर्षं तराजू दुरुस्त करत होते. दुकानदार आपली वजनं त्यांच्याकडे आणत, अण्णा ती तपासत, कमी असतील तर पोटात शिसं घालून बरोबर करत आणि त्यावर शिक्का मारत. शिक्का मारायचा परवाना एकाच माणसाच्या नावावर असतो. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर कार्यालयाने फॉर्म पाठवला होता: पुढचा परवानाधारक कोण, ते सोमवारपर्यंत कळवा.

शुक्रवारी जेवताना अण्णांनी निकाल देऊन टाकला होता. दोन मुलांपैकी धाकट्याला मुलगा होणार असेल तर परवाना धाकट्याच्या नावावर, म्हणजे पुढे तो त्या मुलाकडे जाईल. मुलगी होणार असेल तर मग थोरल्याच्या मुलीच्या नावावर, कारण काम तिला येतं.

काम येतं हे कारण आपण दुसऱ्या नंबरला टाकलं, यात त्यांना काही चमत्कारिक वाटलं नव्हतं. धाकट्याच्या बायकोने तेवढं ताटातलं लिंबू जरा जास्तच जोरात पिळलं.

वरच्या मजल्यावर घर आणि खाली कारखाना. आत्यांचे गुडघे जिना चढू देत नसत, म्हणून अंगठीचा कार्यक्रम नेहमी कारखान्यातच होई. थोरल्याने लांब बाकावरच्या साखळ्या आणि पारडी उचलून कोपऱ्यात ठेवली, दोन घोंगड्या घातल्या आणि कुणाच्या नजरेला नजर न देता दारापाशी जाऊन उभा राहिला. त्याचं सगळं आयुष्य दारापाशी उभं राहण्यात गेलं होतं, असं त्याची बायको म्हणे. अगदी खरं नसेल ते. पण अण्णांसमोर तो बसलेला आत्यांना तरी आठवत नव्हता.

"ताई, सुरू करायचं?" अण्णांनी विचारलं.

"करू की," आत्या म्हणाल्या. हात शालीतच होता.

*

धाकटी घोंगडीवर आडवी झाली तेव्हा बाळाने आतून एक टाच मारली. हिला किंवा ह्याला, जे कुणी असेल त्याला, बाक पसंत नव्हता.

"उशी देऊ?" थोरलीने, तिच्या जावेने, विचारलं.

"वहिनी, उशी नको, बाकाला एक खड्डा पाडून द्या. पाठ तिथे ठेवते."

तिचा नवरा, म्हणजे धाकटा, खिशातून एक घडी केलेला कागद काढत होता. तो दुकानाचा पुढचा भाग सांभाळत असे: गिऱ्हाईक, फोन, नवे इलेक्ट्रॉनिक काटे. इस्त्रीचा शर्ट घालून तो रविवारीसुद्धा विकायला निघाल्यासारखा दिसायचा.

"अंगठीच्या आधी मी बाकीच्या खुणा वाचून दाखवतो," तो म्हणाला. "म्हणजे सगळं एकत्र बघता येईल. एक, हिला गोड नकोसं होतं, आंबट लागतं. मुलगा. दोन, पायरी चढताना उजवा पाय आधी टाकते. मुलगा. तीन, पोट पुढे आलंय, बाजूला पसरलं नाही. मुलगा. चार..."

"लिहून काढलंस?" ती उठून बसली. "मला वाटलं, रात्री दुकानाची यादी करत बसतोस."

"अगं, पडून राहा."

"राहते. पण आधी ऐक. आंबट खाते, कारण गोड सगळं वहिनी वरच्या फळीवर ठेवतात आणि मला स्टुलावर चढायला मनाई आहे. आणि उजवा पाय आधी टाकते, कारण डाव्या चपलेचा पट्टा तुटलाय. तीन आठवडे तुला सांगतेय."

दारापाशी थोरला हसला आणि लगेच खोकला. आत्यांचे डोळेही क्षणभर चमकले. अण्णा मात्र गंभीरच होते. ते दुसऱ्या कुणाचा कागद वाचत नसत. "त्या खुणा बायकांच्या गप्पा," ते म्हणाले. "अंगठीचं वेगळं आहे. अंगठीला वजन आहे."

धाकटीला त्या वाक्यावर हसावं की रडावं कळेना. तिच्या वडिलांचा धंदा शिंप्याचा होता. माप घेताना ते गिऱ्हाइकाला सांगत, श्वास सोडा, पोट आत ओढू नका, आहात तसे उभे राहा. या घरात कुणीच आहे तसं उभं नव्हतं. थोरल्याची मुलगी बारीक तराजूच्या काचपेटीशेजारच्या खुर्चीवर बसून पितळी वजनं कापडाने पुसत होती, जणू तिचा या सगळ्याशी संबंधच नाही. बावीस वर्षांची पोर, आणि सगळे तिला चिमटी म्हणत, कारण ती बारीक वजनं कधी बोटाने उचलायची नाही, नेहमी चिमट्याने. परवान्याची परीक्षा ती पहिल्या खेपेला पास झाली होती. धाकटा तिसऱ्या खेपेला झाला होता आणि त्यानंतर नऊ वर्षांत त्याने त्या खुर्चीला पाठ टेकवली नव्हती.

पोटातल्या जिवाला अजून धड झोपायची वेळ ठरवता येत नव्हती, आणि त्याच्यासाठी खुर्ची अडवून ठेवायची होती.

आत्यांनी हात शालीबाहेर काढला. धाकटी खालून बघत होती, म्हणून तिला सगळ्यांच्या आधी दिसलं. दोऱ्याचं टोक थरथरत होतं.

तिच्या नवऱ्यालाही ते दिसलं. तो काही वाईट माणूस नव्हता, पण हरणं त्याला जमत नसे. गोल थरथर म्हणजे मुलगी, हा हिशोब त्याने मनात केला असावा.

"आत्या, थांबा," तो म्हणाला. "हात जरा... म्हणजे तुमचा दोष नाही. पण उद्या कुणी म्हणायला नको की हात हलला म्हणून असं आलं. एवढा मोठा निर्णय आहे. अंगठी स्टँडला लावू."

आत्यांनी दोरा पोटावरून बाजूला घेतला.

"स्टँडला?" आत्या म्हणाल्या.

"आपण तराजू कधी हातात धरून तपासतो का?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज आता विकतानाचा झाला होता. "अण्णा, तुम्हीच शिकवलंत. हात काढ, मग बघ. मग इथे हात कशाला? स्टँडला टांगू, वारा बंद करू, आणि जे येईल ते सगळ्यांनी मान्य करायचं."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. धाकट्याने कामाबद्दल इतकं बरोबर काही बोलल्याला बरीच वर्षं झाली होती.

"लाव," ते म्हणाले. "चिमटे, तू स्टँड आण."

*

अण्णांना त्या मुलीचं स्टँड लावणं बघायला आवडे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि आजचा दिवस ते सांगण्याचा नव्हता. तिने बाकाशेजारी स्टँड ठेवला, तिन्ही पायांचे स्क्रू फिरवून पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणला, आडवा दांडा धाकटीच्या पोटावर घेतला, आकडीला दोरा बांधला. पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. चहाच्या शेगडीची ज्योतसुद्धा विझवली, कारण गरम हवा वर चढते. तिने हे सगळं न सांगता केलं. एका अंगठीसाठी, जिच्यावर तिची स्वतःची खुर्ची लटकली होती, तिने तेवढीच काळजी घेतली जेवढी सोनाराच्या तराजूसाठी घेतली असती.

"काकू, तोंड भिंतीकडे करा. श्वास लागतो."

"करते बाई."

चिमटीने हात काढला. अंगठी हलली. मागे, पुढे, मागे.

"सरळ," धाकटा म्हणाला. "बघा, सरळ."

"थांब," अण्णा म्हणाले. "ती हात काढतानाची हालचाल आहे. ती मोजत नाहीत."

सगळे थांबले. अंगठीचा झोका बोटभर होता, मग नखाएवढा झाला, मग केसाएवढा. थोरला दारातून दोन पावलं पुढे आला. अण्णांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. सोनाराच्या तराजूला ते पाच मिनिटं देत. पाच मिनिटं झाली. अंगठी दोऱ्याच्या टोकाला स्वस्थ लोंबत होती.

"अजून पाच देऊ," धाकटा म्हणाला.

आणखी पाच दिली. बाळाने मध्ये दोनदा लाथा मारल्या, पोट दिसण्याइतकं हललं, तरी अंगठी जागची हलली नाही.

"म्हणजे मुलगा नाही आणि मुलगीही नाही," भिंतीकडे तोंड करून धाकटी म्हणाली. "मी नुसतीच खाऊन सुटलेय."

"गप्प बस गं."

"स्टँड अडकत असेल," धाकटा म्हणाला.

चिमटीने पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला आणि चार हातांवरून एकदाच हवा घातली. अंगठी लगेच डोलली. तिने पुठ्ठा खाली ठेवला. अंगठी हळूहळू पुन्हा थांबली.

"स्टँड बरोबर आहे," अण्णा म्हणाले. आता पुढचा प्रश्न त्यांना स्वतःलाच विचारणं भाग होतं, आणि एक्कावन्न वर्षं जे ते गिऱ्हाइकांना विचारत आले होते तेच विचारायचं होतं: हात काढल्यावर काटा हलत नसेल, तर आधी तो कोण हलवत होतं?

त्यांनी तो प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. "ताई, आता तू धर."

आत्यांनी दोरा घेतला. हात सगळ्यांसमोर थरथरला. दोन मिनिटांत अंगठी झोके घेऊ लागली. थरथर असूनही झोका सरळ होता, आखल्यासारखा. भावाच्या बाजूला आणि परत.

धाकट्याच्या चेहऱ्यावर रंग आला. "बघा, मी म्हणत होतो..."

"आत्याआजी, जरा डोळे मिटाल?" चिमटी म्हणाली.

आत्यांनी भावाकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली. आत्यांनी डोळे मिटले.

चिमटीने ओठांवर बोट ठेवून काकूला खुणावलं. धाकटी भिंतीला धरून, एकेक पाय सोडत, बाकावरून उतरली. सहाव्या महिन्यात हे काम सोपं नसतं, आणि ती ते श्वाससुद्धा न वाजवता करू शकली याचा पुढे तिला बराच अभिमान वाटला. तिच्या जागी चिमटीने पाच किलोचं लोखंडी वजन सरकवलं.

अंगठी तशीच झुलत राहिली. सरळ. मागेपुढे.

"उघडा डोळे," चिमटी म्हणाली.

आत्यांनी डोळे उघडले आणि वजनाकडे बघितलं. वजनावर अण्णांचा शिक्का होता.

"अभिनंदन," धाकटी म्हणाली. "पाच किलोला मुलगा होणार."

*

आधी कोण हसलं यावर नंतर घरात वाद झाले. थोरलीच्या मते आत्या. बसल्या जागी त्या इतक्या हसल्या की शाल खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही. थरथरणारा हात त्यांनी मांडीवर उघडा ठेवला.

"चाळीस वर्षं," आत्या म्हणाल्या. "बाई गं. चाळीस वर्षं मी ऐटीत बसायचे."

"ताई, तू मुद्दाम..." अण्णा म्हणाले.

"मुद्दाम कशाला करीन? मला वाटायचं अंगठीच जाते. पण दोरा धरला की मी पोटाकडे बघतच नव्हते रे. तुझ्या तोंडाकडे बघायचे. तुला काय हवंय ते तुझ्या तोंडावर लिहिलेलं असतं, लहानपणापासून. तेच येत असणार हातात."

"पण तू कधी चुकली नाहीस."

थोरलीने हातातलं कापड बाजूला ठेवलं. चोवीस वर्षं ती या घरात होती, आणि अण्णांच्या वाक्यापुढे तिने कधी स्वतःचं वाक्य ठेवलं नव्हतं. पण परवा मुलीने तिला एक पत्र दाखवलं होतं, ते तिने पाठ झाल्यासारखं लक्षात ठेवलं होतं.

"चुकल्या होत्या," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"हिच्या वेळेला," तिने चिमटीकडे बोट केलं. "अंगठी सरळ गेली होती. मुलगा म्हणून सांगितलं होतं. अण्णा, तुम्ही पितळेचा छोटा तराजू बनवला होता नातवासाठी, वीतभर, बारीक साखळ्यांचा. मग ही झाली. तेव्हा तुम्ही म्हणालात की त्या दिवशी खिडकी उघडी राहिली होती, वारा लागला. सगळ्यांनी मानलं. मीही मानलं, कारण तेव्हा मी ओली बाळंतीण होते आणि वाद घालायला ताकद नव्हती."

"खिडकी उघडी होती," अण्णा पुटपुटले.

"तराजू फुकट जायला नको म्हणून तुम्ही तो हिलाच दिलात. तीन वर्षांची असताना ती त्यात शेंगदाणे तोलत बसायची. तुम्हीच शेजारी बसून शिकवायचात. ज्या मुलाची वाट बघत होतात, त्याला जे शिकवणार होतात ते सगळं तुम्ही हिला शिकवलंत, अण्णा. तुमच्या लक्षात आलं नाही एवढंच. आणि आता ते सगळं येणारी ही समोर बसलीय, तर तुम्ही पुन्हा अंगठी काढता."

ती तिथेच थांबली नाही. "हिला औषधाच्या कारखान्यातून पत्र आलंय. वजनखात्यात नोकरी. उद्या हो किंवा नाही कळवायचंय. ती तुम्हाला सांगणार नव्हती. म्हणते, आजोबांनी अंगठीवरून मला ठेवलं असं नको, आणि पत्रावरून ठेवलं असंही नको."

"आई," चिमटी म्हणाली.

"राहू दे. मी सांगितलं."

थोरला आता बाकाशी येऊन पोचला होता. त्याने एक स्टूल ओढलं आणि, थोरलीचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, अण्णांसमोर त्यावर बसला.

"ती बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "ट्रकच्या काट्यांचं काम मी बघतो, ते बघत राहीन. पण माझे डोळे बारीक कामाचे नाहीत, आणि मागच्या वर्षभरात बारीक वजनं कुणी बरोबर केली ते आपल्याला दोघांनाही माहितीय. तुम्ही शिक्का मारायच्या आधी ती पुन्हा तपासते. तुम्ही झोपलात की."

अण्णांचा चेहरा पडला. "रोज?"

चिमटीने मान खाली घातली. "रोज नाही. बहुतेक."

*

धाकट्याला वाटत होतं की आता आपण काहीतरी बोललं पाहिजे. कागद अजून हातात होता. त्यावर आणखी पाच खुणा होत्या: चेहऱ्यावरचं तेज, टाचांच्या भेगा, कुठल्या कुशीवर झोपते, वगैरे. त्या वाचायच्या कशा हे त्याला सुचेना. बाकावर पाच किलोचं वजन बसलं होतं.

"अंगठीचं जाऊ दे," तो म्हणाला. "पण मुलगा झाला तर? समजा झालाच. उद्या तो मोठा होऊन म्हणेल, बाबा, माझं काय ठेवलंत?"

"मग तोही परीक्षा देईल," धाकटी म्हणाली. ती आता खुर्चीवर पाय पसरून बसली होती. "आणि मुलगी झाली तर तीही देईल. आणि दोघांनाही नको असेल तर माझ्या वडिलांच्या मशीनवर बसवीन, विजारी शिवतील. तू मला एक सांग. खरं सांग, सगळे घरचेच आहेत. तुला त्या खुर्चीवर बसायचंय?"

त्याने काचपेटीशेजारच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे बसलं की दिवसभर कुणाशी बोलता येत नाही. श्वाससुद्धा बाजूला सोडावा लागतो. तिसऱ्या परीक्षेच्या आधी पंधरा दिवस तो तिथे बसला होता. अजूनही कधी ताप आला की त्याला तेच स्वप्न पडायचं, काटा मध्यावर येता येता थांबतो आणि मागे अण्णा उभे असतात.

"नाही," तो म्हणाला.

म्हटल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की तोच दचकला.

"नाही बसायचं मला. मला गिऱ्हाईक आवडतं. मी आपला पुढे बरा आहे." त्याने पुतणीकडे पाहिलं. "पण परवाना तुझ्या नावावर झाला की पुढे बोलायला मीच. गिऱ्हाइकाशी तू बोलायचं नाहीस. मागच्या वेळी त्या भाजीवाल्याला तू चोर म्हणालीस."

"त्याच्या वजनाला खालून भोक होतं, काका."

"भोक असेल. चोर म्हणायचं माझ्यावर सोड. मी गोड शब्दांत म्हणतो."

"चालेल."

त्याने कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली आणि बायकोच्या डाव्या चपलेकडे बघितलं. पट्टा खरंच तुटला होता. दोन टाके आणि एक रिबिट, पाच मिनिटांचं काम. तो चप्पल घेऊन अवजारांच्या फळीकडे गेला.

*

फॉर्म काचपेटीवर होता. अण्णा चष्मा लावून त्याच्यापुढे बसले, आणि बराच वेळ त्यांनी पेन टेकवलं नाही. चिमटीला त्यांची मान मागून दिसत होती. ती जिंकली होती असं सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं, पण कोरी ओळ कोरीच होती, आणि आजोबांच्या मनातलं ओळखायला तिच्याजवळ आत्याआजीचे डोळे नव्हते.

"आजोबा," ती म्हणाली, "मला एक बोलायचंय. लिहायच्या आधी."

"बोल."

"माझ्या नावावर आला तर शिक्का माझा. म्हणजे माझ्या डोळ्यांना जे बरोबर दिसेल त्यावरच बसणार. तुम्ही सांगितलं, काकांनी गिऱ्हाइकाला कबूल केलं, कुणी घाईत आहे, म्हणून नाही बसणार. आणि मी चोरून तपासणार नाही आता. समोर तपासणार. ते चालत नसेल तर मी औषधाच्या कारखान्यात जाते. मला तिथे राग मनात ठेवून जायचं नाही, पण जाईन."

आजोबा वळले. "अटी घालतेस?"

"परवान्याच्या मागे छापल्यात त्याच सांगतेय."

आत्याआजी खुदकन हसल्या. "अरे, तिच्या तोंडाकडे बघ एकदा. माझ्याकडे नको बघू, अंगठीकडे नको. तिच्याकडे बघ."

आजोबांनी बघितलं. किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. चिमटीने नजर खाली केली नाही, जरी तिचे कान लाल झाले होते.

"बावीस वर्षं मी तुला नातवाची बदली समजत होतो बहुतेक," ते म्हणाले. मोठ्याने बोलायची त्यांना सवय होती, पण हे ते हळू म्हणाले. "तसं मनात आणून नाही. पण खिडकी उघडी होती, खिडकी उघडी होती, असं म्हणत राहिलो."

मग ते फॉर्मकडे वळले आणि कोऱ्या ओळीत तिचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर मोठं आलं, चौकटीच्या बाहेर गेलं. खाली सही केली. साक्षीदारांच्या दोन ओळी होत्या. पहिली त्यांनी बहिणीपुढे सरकवली.

"माझी सही वाकडी येईल," आत्याआजी म्हणाल्या.

"येऊ दे. तुझीच आहे ना?"

त्यांनी थरथरत्या हाताने सही केली, आणि ती खरोखरच वाकडी आली, आणि त्यांनी ती लपवली नाही. दुसरी ओळ कुणाची यावर काका आणि बाबा दोघेही पुढे झाले, पण आजोबांनी पेन आईकडे दिलं. आईने आधी हात पुसले. सही करताना तिने प्रत्येक अक्षर सुटं काढलं.

"झालं," काकू म्हणाली. "आता खिडक्या उघडा. मी आणि हा पाच किलो दोघंही गुदमरलोय."

बाबांनी खिडक्या उघडल्या. शेगडी पेटली, कुणीतरी आधण ठेवलं, कुणीतरी वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा खाली आणला आणि न विचारता काकूच्या मांडीवर ठेवला. सगळे एकाच वेळी बोलू लागले. काकांचा हातोडा चपलेवर वाजत होता. स्टँडवर अंगठी वाऱ्याने भिरभिरत होती, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

चिमटी काचपेटीशी गेली. सोमवारी सकाळी सोनाराची पेटी द्यायची होती, शुक्रवारी आजोबांनी बरोबर करून ठेवलेली. तिने दार उघडलं, चिमट्याने पन्नास ग्रॅमचं वजन उचललं, पारड्यात ठेवलं, हात काढला. वाट बघितली. मग ते उतरवलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा वाट बघितली.

"आजोबा."

त्यांनी मान वळवली.

"हे कमी भरतंय."

आजोबा उठून आले. त्यांनी काट्याकडे बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. एक्कावन्न वर्षांत त्यांचं वजन कुणी परत केलं नव्हतं. बाबा अर्धवट उठले. काकांचा हातोडा हवेतच राहिला.

"किती?" आजोबांनी विचारलं.

"थोडंच. पण कमी आहे."

"डोळ्यांमुळे असेल."

"असेल. शिक्का नाही बसणार."

आजोबांनी तळहात पुढे केला. तिने चिमट्याने वजन त्यावर ठेवलं. ते घेऊन ते कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलाकडे गेले. शिकाऊ पोरांना बसवायचं ते स्टूल. त्यावर गुडघे मोडून बसले, शिशाची डबी ओढून घेतली आणि दिव्याकडे सरकले.

"आज संध्याकाळच्या आत द्या," ती म्हणाली.

"देतो," आजोबा म्हणाले.